पस सेल्स दहा ते बारा

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी क्वालिटीला आहे. दिवसभर कास्टिंग उलटसुलट करून बघायचं, ब्लो होल कुठं आहे, स्लॅग कुठं अडकलाय, माप टॉलरन्समध्ये बसतंय का, आणि शेवटी टॅग लावायचा: ओके, रीवर्क, रिजेक्ट. बारा वर्षं मालावर टॅग लावत आलो. स्वतःच्या वीर्यतपासणीचा रिपोर्ट हातात आला तेव्हा मात्र त्यातलं काही कळेना. एका ओळीभोवती डॉक्टरांनी लाल पेनानं गोल केला होता. पस सेल्स १०-१२, एचपीएफ.

"इन्फेक्शन आहे," डॉक्टर म्हणाले आणि गोळ्या लिहून दिल्या. दोन मिनिटांत मी बाहेर.

त्याच्या आधीचं एक वर्ष सांगायला हवं. लग्नाला चार वर्षं झाली होती. मूल होत नाही म्हटल्यावर तपासण्या सुरू झाल्या त्या बायकोच्या. थायरॉइड झालं, स्त्रीबीजांचा साठा सांगणारी एएमएच झाली, तीन महिने एक दिवसाआड सोनोग्राफी झाली. मग गर्भनलिका मोकळ्या आहेत का बघायला एचएसजी, म्हणजे आत द्रव सोडून काढलेला एक्सरे. त्या दिवशी मी बाहेरच्या बाकड्यावर मोबाइल चाळत बसलो होतो. आतून तिचा आवाज आला आणि बाकड्यावरचे सगळे जण एकदम खाली बघायला लागले. बाहेर आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. रिपोर्ट नॉर्मल. रजेच्या अर्जावर माझं कारण ठरलेलं असायचं, 'पत्नीची तपासणी'. ज्या तपासणीला ना सुई लागते ना भूल, ती माझी तपासणी वर्षभर कुणाला सुचली नाही. सुचली ती शेवटी तिलाच. "अहो, एकदा तुमचंही बघून घ्या की," एवढंच म्हणाली. मला त्याचा राग आला होता, हेही लिहून टाकतो.

पहिला नमुना जिथं दिला ती जागा म्हणजे संडास. एक बादली, एक मग, नीट न बसणारी कडी, आणि दाराबाहेर उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्यांची रांग. डबी हातात देणाऱ्या पोरानं "भरून आणा सर" एवढंच सांगितलं. भरून! मी घाबरलोच. नेमकं गडबडीत सुरुवातीचे थेंब डबीबाहेर गेले. उरलेलं दिलं आणि मान खाली घालून निघून आलो. थेंब सांडले का, किती दिवसांचं अंतर ठेवलं होतं, कुणी विचारलं नाही. अंतर होतं बारा दिवसांचं. एका मित्रानं सांगितलं होतं, "भावा, साठवून ठेव, काउंट वाढतो."

हे दोन्ही किती चुकीचं होतं ते पुढं कळलं. सर्वांत जास्त शुक्राणू असतात ते पहिल्याच भागात. तो सांडला तर बाकीच्या नमुन्यावरून काढलेला आकडा कमीच दिसणार. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमाप्रमाणं अंतर दोन ते सात दिवसांचं हवं. जास्त साठवलं की संख्या फुगते, पण जुने, थकलेले, मेलेलेही त्यातच येतात आणि हालचाल कमी दिसते. आमच्याकडं एखाद्यानं असा सॅम्पल काढला असता तर मी त्याला शॉप फ्लोअरवरच झाडला असता.

तर गोळ्या. पहिला कोर्स चौदा दिवसांचा. पुन्हा तपासणी, पस सेल्स ८-१०. दुसरा कोर्स एकवीस दिवस, डॉक्सिसायक्लिन. ती गोळी मी रात्री झोपताना घोटभर पाण्याबरोबर घ्यायचो. तिसऱ्या रात्री छातीत अशी जळजळ उठली की हार्ट अॅटॅक समजून शेजाऱ्यांना उठवायच्या बेतात होतो. ही गोळी ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची असते आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नसतं, नाहीतर अन्ननलिकेत अडकून तिथंच भाजते. हे मेडिकलवाल्यानं सांगितलं, तेही मी विचारल्यावर. कपाटावरची पाकिटं बघून आई म्हणाली, "तिची औषधं तू खातोयस व्हय?" मी नुसता हसलो. त्या हसण्याची अजून लाज वाटते.

एकवीस दिवसांनी तिसरा रिपोर्ट. पस सेल्स १२-१५. दोन्ही वेळा कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, 'नो ग्रोथ'. डॉक्टर तिसरं, आणखी जोरदार अँटिबायोटिक लिहायला लागले तेव्हा बायकोनं माझ्या मांडीला हळूच चिमटा काढला. बाहेर आल्यावर म्हणाली, "जंतू सापडत नाहीत आणि औषध मात्र जंतूचं. तुमच्या कंपनीत चालतं का असं?"

नाही चालत. पुण्यातल्या एका अँड्रॉलॉजिस्टची, म्हणजे पुरुषांच्या वंध्यत्वाच्या डॉक्टरांची, वेळ घेतली.

हे डॉक्टर वयस्कर, सावकाश बोलणारे. तिन्ही रिपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि पहिला प्रश्न विचारला तो मला नाही, रिपोर्टालाच विचारल्यासारखा. "या पस सेल्स आहेत हे ठरवलं कशावरून?"

मग त्यांनी पॅडवर दोन गोल काढले. वीर्याचा थेंब साध्या मायक्रोस्कोपखाली बघितला की शुक्राणूंशिवाय काही गोल पेशी दिसतात. त्यांना राउंड सेल्सच म्हणायचं. त्यांतल्या काही पांढऱ्या पेशी असतात, म्हणजे पू, म्हणजे दाह. पण काही असतात अर्धवट तयार झालेल्या शुक्राणूपेशी, वृषणातून वेळेआधीच सुटून आलेल्या. रंग न देता बघितलं तर दोन्ही सारख्याच दिसतात. आणि बऱ्याच ठिकाणी गोल दिसलं की 'पस सेल्स' लिहून मोकळे होतात. एकीला औषध लागू पडेल, दुसरीला त्याच औषधाचा काडीचा उपयोग नाही.

दुसरी गोष्ट, 'एचपीएफ' म्हणजे एका नजरेच्या टप्प्यात किती दिसल्या तो आकडा. थेंब जाड की पातळ, काच कशी ठेवली, त्यावर तो बदलतो. नियम आहे तो मिलिलिटरमध्ये. पेरॉक्सिडेज नावाचा रंग देऊन मोजलेल्या पांढऱ्या पेशी मिलिलिटरला १० लाखांहून जास्त असतील तर त्याला दाह धरायचं. १०-१२ च्या मागं एककच नाही, असं ते म्हणाले तेव्हा मला पहिल्यांदा आपल्या माणसात आल्यासारखं वाटलं. कॅलिब्रेशन नसलेल्या व्हर्नियरनं घेतलेल्या मापावर मी तब्बल पाच आठवडे गोळ्या गिळल्या होत्या.

"आणि हे कल्चर गोळ्या सुरू करण्याआधी दिलं होतं का?"

पहिलं कल्चर गोळ्या चालू असताना दिलं होतं. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला, बोलले काहीच नाहीत.

दोन आठवडे सगळं बंद ठेवून नव्यानं नमुना. या वेळी कागदावर छापील सूचना होत्या. आधी लघवी करून यायची, हात आणि जागा साबणानं धुवून कोरडी करायची, डबीच्या आत बोट लावायचं नाही, तेल-थुंकी काही वापरायचं नाही, थोडं जरी सांडलं तर तसं लिहून द्यायचं. खोलीला आतून कडी होती. तेवढ्यानं किती फरक पडतो ते ज्यानं संडासात डबी धरलीय त्यालाच कळेल.

लॅबमधल्या मॅडमना मी सांगितलं की मीही इन्स्पेक्शनला आहे, बघू द्याल का? त्या हसल्या आणि मायक्रोस्कोपला जोडलेल्या स्क्रीनसमोर मला उभं केलं. चौकटी आखलेली काच, न्यूबॉर चेंबर म्हणतात तिला. खोली ठरलेली, चौकट ठरलेली, म्हणून मिलिलिटरचा हिशेब काढता येतो. रंग घालून अर्धा तास थांबायचं. मग पडद्यावर फिकट राखाडी शुक्राणू दिसले. रंगाच्या या नमुन्यात ते हलत नाहीत, नुसते विखुरलेले असतात, आणि त्यांच्यात मधूनमधून तपकिरी गोळे, काजळी लागल्यासारखे. रंग न घेतलेले पांढुरके गोलही होते. "तपकिरी झाल्यात त्याच पांढऱ्या पेशी, त्या मोजायच्या," मॅडम म्हणाल्या, "रंग न घेतलेले सोडायचे." हातातला काउंटर टकटक वाजत होता. मी मनातल्या मनात त्यांच्याबरोबर मोजत होतो. पन्नासच्या पुढं माझं चुकलं.

आकडा आला २४ लाख. म्हणजे दाह होता, खरोखरच होता. पहिल्या डॉक्टरांचं अनुमान बरोबर ठरलं, पण अंदाजपंचे.

बाकीचे आकडे असे होते. संख्या मिलिलिटरला २ कोटी २० लाख, ही १ कोटी ६० लाखांच्या खालच्या मर्यादेच्या वर. सरळ पुढं पोहणारे १८ टक्के, हवेत किमान ३०. आकार ठीक असलेले २ टक्के, हवेत ४. त्या ४ टक्क्यांचं मला फार आश्चर्य वाटलं. शंभरातले शहाण्णव बेढब असले तरी निसर्ग लॉट पास करतो! आमचा कस्टमर पाच तुकड्यांवर ट्रक परत पाठवतो.

मग डीएनए फ्रॅगमेंटेशन, ज्याला डीएफआय म्हणतात. त्यात शुक्राणूंवर आम्लाची प्रक्रिया करून बघतात. ज्याचा डीएनए धड आहे त्याच्याभोवती मोठं वलय दिसतं, पावसाळ्यात चंद्राला खळं पडतं तसं. ज्याचा तुटलाय त्याला खळंच नाही. माझे ३४ टक्के बिनखळ्याचे. तीस टक्क्यांच्या वर गेलं की जास्त धरतात.

पांढऱ्या पेशींचा आणि या तुटण्याचा संबंध डॉक्टरांनी सांगितला तो मला लगेच कळला, कारण आमच्या यार्डात तो रोज दिसतो. पांढरी पेशी जंतू मारते ती ऑक्सिजनची जहाल रूपं सोडून. शेजारी शुक्राणू असेल तर त्यालाही तेच लागतं. शुक्राणूच्या आवरणात सहज ऑक्सिडाइझ होणारी चरबी भरपूर असते आणि पोहायला हलकं व्हावं म्हणून त्यानं पेशीतला बहुतेक ऐवज आधीच टाकून दिलेला असतो. तो टाकताना बचावाची रसायनंही गेली. आत डीएनए तुटला तर दुरुस्त करायची सोय नाही. थोडक्यात, ऑइल न लावता कोल्हापूरच्या जुलैत यार्डात ठेवलेलं मशीन केलेलं कास्टिंग. दोन दिवसांत तांबूस.

मी तयारीनं गेलो होतो. इंटरनेटवर इंटरल्यूकिन-६, इंटरल्यूकिन-८, टीएनएफ-अल्फा, इलास्टेज असं सगळं वाचून वहीत उतरवलं होतं. पांढऱ्या पेशींना 'इकडं या' म्हणून हाक मारणारी आणि दाह पेटता ठेवणारी ही रसायनं, आणि इलास्टेज म्हणजे त्या पेशी आल्या आणि फुटल्या याचा पुरावा. दाह असलेल्या वीर्यात यांची पातळी वाढलेली सापडते. मी विचारलं, या तपासण्या का नाही करायच्या? डॉक्टर म्हणाले, इलास्टेज जर्मनीत बऱ्याच लॅबमध्ये करतात, बाकीच्या मुख्यतः संशोधनापुरत्या. "समजा तुमची इंटरल्यूकिन-८ वाढलेली निघाली. मी वेगळं काय करणार आहे? उत्तरानं उपचार बदलत नसेल तर प्रश्नाचे पैसे कशाला भरताय?"

आणखी एक गोष्ट त्यांनी लपवली नाही. मूल होत नसलेल्या पुरुषांपैकी साधारण १० ते २० टक्क्यांत अशा वाढलेल्या पांढऱ्या पेशी सापडतात, पण त्या असूनही बाप झालेले पुरुष आहेतच. १० लाखांची रेषा ही तज्ज्ञांनी एकमतानं आखलेली, निसर्गानं नाही. काही पांढऱ्या पेशी मेलेले शुक्राणू गिळून साफसफाईच करत असतात. आणि महिन्या-दोन महिन्यांत काहींच्या पेशी आपोआप ओसरतातही.

मग प्रोस्टेटची, म्हणजे मूत्राशयाखाली असणाऱ्या, वीर्यातला काही द्रव बनवणाऱ्या ग्रंथीची तपासणी. ती लिहू का नको असा विचार केला. लिहितो, कारण मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. कुशीवर झोपवून, ग्लोव्ह घालून, मागच्या बाजूनं बोटानं प्रोस्टेट दाबून बघतात. अर्ध्या मिनिटाचं काम. दुखत नाही, पण माणूस त्या अर्ध्या मिनिटात भिंतीवरचं कॅलेंडर पाठ करतो. त्याआधीची आणि नंतरची लघवी वेगवेगळ्या बाटलीत घेतली. आधीची स्वच्छ, नंतरचीत पांढऱ्या पेशी. म्हणजे उगम प्रोस्टेटमध्ये. क्लॅमिडिया या लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या जंतूची पीसीआर तपासणी निगेटिव्ह, कल्चर या वेळी नीट दिलेलं, तरी निगेटिव्ह. ना आग, ना दुखणं, ना ताप. लक्षणांशिवाय प्रोस्टेटचा दाह, प्रोस्टेटायटिसच्या चार प्रकारांतला चौथा. मी पाय जरा फाकवून बाहेर आलो तेव्हा बाकड्यावर बायको बसली होती. एकदा माझ्याकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. एचएसजीच्या दिवसानंतर दवाखान्यात तिला हसताना मी पहिल्यांदा बघत होतो.

औषधाच्या कागदावर एकही अँटिबायोटिक नव्हतं. होतं ते असं, की तंबाखूचा मावा बंद, दर दोन-तीन दिवसांनी वीर्यस्खलन, भट्टीजवळचं उभं राहणं कमी, वजन आठ किलो खाली, तीन महिन्यांनी पुन्हा नमुना. तीन महिने का, तर एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस आणि मग बाहेर पडायच्या वाटेवर आणखी दोनेक आठवडे. आज केलेल्या सुधारणेचा माल तिसऱ्या महिन्यात हाती येतो. आधीच्या दोन्ही तपासण्या कोर्स संपल्याबरोबर झाल्या होत्या. हालचालीत फरक दिसणार कसा?

दर दोन-तीन दिवसांनी, हे वाचून मी दोनदा विचारलं. साठवायचं नाही? नाही. साचलेलं वाहतं ठेवायचं, नळी आणि ग्रंथी मोकळ्या राहतात. गावाकडं 'धातू जपावा' म्हणून केवढं डोक्यात भरलेलं असतं आपल्या, आणि इथं चिठ्ठीवर उलटं लिहून मिळालं. बायकोनं ती चिठ्ठी स्वतःच्या पर्समध्ये ठेवली.

महिन्याला दीड हजाराची अँटिऑक्सिडंटची पाकिटं मी आधीपासून पाण्यात ढवळून पीत होतो. त्यांचं विचारलं. ते म्हणाले, अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर झिंक आणि फॉलिक अॅसिडची चाचणी झाली, २०२० साली जामा या नियतकालिकात आली. सहा महिने गोळ्या खाऊन मूल होण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. "संत्री खा," म्हणाले, "स्वस्त पडतात."

सगळ्यांत अवघड होता मावा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदात घालून चोळायचा. आमच्या भागात चहाला नाही म्हणणारा भेटेल, माव्याला नाही. राज्यात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, पण मावा टपरीवर समोरच चोळून मिळतो. सिगारेट ओढत नाही म्हणून मी स्वतःला निर्व्यसनी समजत होतो. तंबाखू ओढा किंवा चघळा, शुक्राणूंपर्यंत पोचतेच. पहिले दहा दिवस डोकं ठणकायचं, कामावरच्या पोरांवर उगाच ओरडायचो. शिफ्टमधल्या एकानं विचारलं, "साहेब, कुणी गेलं का घरात?" बडीशेपेचं पाकीट खिशात ठेवायला लागलो. तीन महिन्यांत दोनदा घसरलो. एकदा गल्लीतल्या वरातीत, एकदा ऑडिटच्या आदल्या रात्री.

भट्टीचं मॅनेजरांना सांगितलं, कारण न सांगता. वितळलेल्या धातूचे नमुने घ्यायला आता दुसरा जातो. वृषणं शरीराबाहेर टांगलेली असतात ती दोन-चार डिग्री थंड राहावीत म्हणून. बारा वर्षं दिवसातले तीन तास मी त्या धगीसमोर जाड जीन्स घालून उभा होतो.

तीन महिन्यांनी पांढऱ्या पेशी ६ लाख. डीएफआय २४. पुढं पोहणारे २७ टक्के, अजून तीन कमीच. वजन पाच किलो उतरलं होतं, आठ नाही. बायको गाडीत रिपोर्ट चारदा वाचत होती. मी खूश होतो, पण आतला इन्स्पेक्टर गप्प बसेना. एका वेळी चार पॅरामीटर बदलले. मावा, उष्णता, वजन, अंतर. यातलं कशानं झालं? का कशानंच नाही, पेशी आपल्याआपणच ओसरल्या? आमच्याकडं असं ट्रायल घेतलं तर रिपोर्टावर कुणी सही करणार नाही. डॉक्टरांना हे म्हटलं तर म्हणाले, "मग मावा परत सुरू करून बघताय का?"

त्यानंतर एक आययूआय झालं, म्हणजे शुक्राणू नळीनं थेट गर्भाशयात सोडायचे. लागलं नाही. चौदाव्या दिवशी सकाळी ती बाथरूममधून बाहेर आली आणि काही न बोलता कुकर लावायला गेली, त्यावरून कळलं. आता दुसरं ठरलंय. तारीख तिच्या पाळीवर आहे, नमुना पुण्यातच द्यायचा, म्हणजे दोन दिवसांची रजा.

रजेच्या अर्जावर या वेळी कारणाच्या रकान्यात 'स्वतःची वैद्यकीय तपासणी' लिहिलं. टाइम ऑफिसमधल्या क्लार्कनं अर्ज वाचला, मान वर केली.

"साहेब, तुम्हाला काय झालंय?"

"पांढऱ्या पेशी वाढल्या होत्या. आता आल्यात खाली."

"रक्तात व्हय?"

मागं चार जण रांगेत होते. मी म्हटलं, "नाही, रक्तात नाही," आणि सही करायला पेन मागितलं.